जुन्या गाडीचे रॉड ब्रेक काढून ऑइल ब्रेक बसवताना

पॅडलची ओढ लोखंडी रॉडने चाकापर्यंत जाते ते रॉड ब्रेक, तेलाच्या दाबाने जाते ते ऑइल म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक. गाडी थांबत नाही म्हणून लगेच ऑइल ब्रेकच्या मागे लागू नका. आधी चारही ड्रम (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी वाटी) उतरवून लेथवर चढवा आणि डायल गेज लावून गोलाई बघा. ड्रम १० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडाकृती झाला असेल किंवा हबचं ग्रीस लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीवर, उतरत असेल, तर हायड्रॉलिक बसवूनही ती गाडी थांबणार नाही. तेलाचं मुख्य काम पायाचा जोर वाढवणं नाही, तो चारही चाकांना एकसारख्या दाबाने पोहोचवणं आहे. रॉड ब्रेकमध्ये प्रत्येक पिन आणि बुश झिजतं, आज जुळवलेली चार चाकं महिन्याभरात पुन्हा वेगवेगळी ओढू लागतात. तेलाने सुटतो तो हा त्रास. बाकी निम्म्याहून जास्त काम लोखंडाचंच आहे.

फोर्ड मॉडेल ए ही रॉड ब्रेकची जुनी गाडी याचं चांगलं उदाहरण. तिचे मूळ ड्रम प्रेस केलेल्या पत्र्याचे. ते तापले की फाकतात आणि पॅडल खाली जातं. नुसते ओतीव लोखंडाचे ड्रम बसवून रॉडच्या सगळ्या पिना-बुश नवे केले, तरी ती गाडी बऱ्यापैकी थांबते. काहींचं काम तेवढ्यावरच भागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

नवे ड्रम ओतून घ्यायचे असतील तर कोल्हापुरासारखी सोय क्वचितच सापडेल. शिवाजी उद्यमनगरात टर्नर, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या. ग्रे आयर्न (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून जुना ड्रमच पॅटर्न (साचा करायचा नमुना) म्हणून देऊ नका. मापं वाढवून पॅटर्न करा आणि लायनर घासतो त्या बाजूला मशिनिंगसाठी ३ मिमी सोडा. जुनाच ड्रम टर्न करायचा असेल तर मूळ व्यासापेक्षा ६० थाऊ, म्हणजे दीड मिमीच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे ड्रम पातळ होतो, लवकर तापतो.

बसवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, गाडीची स्वतःची बॅकप्लेट (ब्रेकचे भाग धरणारी मागची प्लेट) आणि शू (लायनर लावलेले कमानदार तुकडे) ठेवून फक्त शू फाकवणाऱ्या कॅमच्या जागी तेलाच्या दाबाने शू ढकलणारा व्हील सिलेंडर बसवायचा. दुसरा, जीपसारख्या गाडीची बॅकप्लेट, शू, ड्रम असा सगळा संच घ्यायचा. मॉडेल एच्या मालकांना जीप सोयीची पडते, कारण दोन्हींच्या चाकाला पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर आहेत. पण जुन्या जीपचा ड्रम ९ इंची आणि मॉडेल एचा ११ इंची. लहान ड्रम घेऊन ब्रेक सुधारल्याचं समाधान मानण्यात अर्थ नाही. ११ इंची संच मिळाला तरच या मार्गाला जा.

पहिल्या मार्गात गाडी बाहेरून मूळचीच दिसते, पण बॅकप्लेट पत्र्याची असेल तर सिलेंडरमागे दोन सुताची (पाव इंची) प्लेट लावून ती जाड करावी लागते. नाहीतर ब्रेक दाबला की प्लेट लवते आणि पॅडल रबरासारखं लागतं. दुसऱ्या मार्गात अॅक्सल आणि बॅकप्लेटमध्ये तीन सुताची अडॅप्टर प्लेट लागते. ती गॅसने कापून फाइलने बसवू नका. मधलं भोक लेथवर काढा, बोल्टची भोकं त्याच सेटिंगमध्ये मार्क करा. प्लेट ४ थाऊपेक्षा जास्त एका बाजूला गेली तर शू ड्रमच्या मध्यावर येत नाही, एकच टोक घासतं. बोल्ट ८.८ ग्रेडचे.

बॅकप्लेट डावी-उजवी अदलाबदल झाली तर हवा काढायचं निप्पल पाइपच्या खाली येतं, आणि मग दिवसभर पॅडल मारा, हवा निघत नाही. निप्पल नेहमी वर. सर्व्हो पद्धतीच्या ब्रेकमध्ये (एक शू दुसऱ्याला ढकलतो ते) आखूड लायनरचा शू पुढे, लांब लायनरचा मागे. जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असतो. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हबला नमद्याचं सील असेल तर आत्ताच लिपवालं ऑइल सील बसवून घ्या.

आता पॅडल. पिव्हटपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंत १२ इंच आणि पिव्हटपासून पुशरॉडच्या पिनपर्यंत २ इंच असेल तर प्रमाण ६ पट. पायाचा जोर ३० किलो धरला तर पुशरॉडवर १८० किलो. पॅडलने तेल दाबणाऱ्या १ इंची मास्टर सिलेंडरचं क्षेत्रफळ ५.०७ चौ. सेंमी, म्हणजे पाइपमध्ये चौ. सेंमीला साधारण ३५ किलो दाब. पुढच्या चाकांना १ इंची आणि मागच्यांना पाऊण इंची व्हील सिलेंडर लावले, तर पुढच्या प्रत्येक पिस्टनवर १८० आणि मागच्यावर १०० किलोच्या आसपास जोर येतो. ब्रेक लावताना वजन पुढे येतं, त्यामुळे वाटणी अशीच हवी. सायकलच्या टायरसारख्या अरुंद टायरवर मागचा जोर वाढवाल तर पावसात ढुंगण आधी फिरेल.

मास्टर लहान घेतला की दाब वाढतो, पण पॅडल खाली जातं. प्रत्येक पिस्टन दीड मिमी सरकला तर आठ पिस्टनना मिळून पावणेपाच सीसी तेल लागतं. १ इंची मास्टरला त्यासाठी साडेनऊ मिमी आणि पॅडलला साडेपाच सेंमीच्या आसपास चाल. मास्टर ७/८ इंची घेतला तर पॅडल सव्वासात सेंमी जातं. पायाखालच्या फळीखाली एवढी जागा आहे का, हे वेल्डिंगच्या आधी मोजा.

मास्टर सिलेंडर दुहेरी सर्किटचाच घ्या. एकेरी सर्किटमध्ये एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरीत निदान दोन चाकं राहतात. हँडब्रेक मात्र काहीही झालं तरी रॉड किंवा केबलवरच राहू द्या, तेलाशी त्याचा संबंध नको. मास्टर फळीखाली, व्हील सिलेंडरच्या पातळीच्या खाली बसत असेल तर तेल मागे उतरतं. ड्रम ब्रेकसाठी लाइनमध्ये १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह, लागतो. काही मास्टरमध्ये तो आतच असतो. दुसरा लावण्याआधी खोलून बघा.

मास्टरचं ब्रॅकेट क्रॉसमेंबरच्या जुन्या भोकांवर बोल्टने बसवा, चेसीला वेल्डिंग नको. ५० वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या नियमांत चेसी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असणं महत्त्वाचं आहे. जे बसवाल ते पान्याने उतरवता आलं पाहिजे. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघायला गर्दी करणाऱ्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको.

पुशरॉड आणि पिस्टनमध्ये १ ते २ मिमी मोकळीक हवी. ही नसेल तर परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं. तेल तापून फुगलं की त्याला टाकीत जायला वाट नसते आणि गाडी चालता चालता स्वतःच ब्रेक धरते. चारही चाकं एकदम तापली तर आधी इथे बघा. एकच चाक तापलं तर होज (लवचीक नळी) आतून सुजलेला असू शकतो.

पाइप ३/१६ इंची स्टीलचा, टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून फाकवलेलं टोक). एसीचा तांब्याचा पाइप नको; थरथरीने कडक होऊन तडकतो. इंची नटाचे आटे ३/८-२४ आणि मेट्रिकचे एम१०x१ हे दोन-तीन फेऱ्यांपर्यंत एकमेकांत जातात, म्हणून फसायला होतं. जबरदस्ती करू नका. लवचीक होज तीन: पुढे दोन, मागच्या अॅक्सलला एक. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि स्प्रिंग दाबून-सोडून बघा, होज टायरला लागता कामा नये.

ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते ऑइल नाही. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही आत गेला तर सगळे रबर फुगून किट बाद होतं. धुवायचं तर स्पिरिटने. डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं, सीलबंद डबा, साधारण लिटरभर. ते हवेतली ओल पितं आणि कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यायल्यावर ती मर्यादा १४० वर येते. दर दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

हवा काढण्याआधी शू अॅडजस्ट करा: चाक जाम होईपर्यंत आवळा, मग मोकळं फिरेपर्यंत सोडा. मास्टर उजवीकडे असेल तर क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल अर्धा फेरा उघडून बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच पाय उचलायचा. नळीचं टोक तेलात बुडालेलं असू द्या. दोन-तीनदा मारल्यावर पॅडल वर येत असेल तर शूचं अंतर जास्त आहे, हवा नव्हे. स्पंजासारखं लागलं तर हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गळती, नाहीतर मास्टरचा रबर.

पॅडल मिनिटभर जोरात दाबून धरा, मग चारही चाकांखाली वर्तमानपत्र पसरून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० किमीने ब्रेक मारून बघा, हात हँडब्रेकवर. गाडी सरळ थांबते याची खात्री झाल्यावरच पन्हाळ्याचा घाट. वर जा आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर हात हबजवळ न्या, टेकवू नका. डाव्या-उजव्याची धग सारखी असेल तर बसलं. एक बाजू जास्त गरम असेल तर ते चाक उचला आणि शूपासून पुन्हा सुरू करा. ३०० किमीनंतर लायनर ड्रमला बसतो आणि पॅडल थोडं खाली जातं, तेव्हा शू एकदा परत आवळा. काढलेले रॉड, क्लेव्हिस (रॉडच्या टोकाचे जोड), कॅम ग्रीस लावून, लेबल टाकून एका खोक्यात ठेवा.