उलटा धूर: पहिला भय-लघुपट करताना

गोव्यात डिचोलीजवळच्या मामाच्या जुन्या घरात आम्ही ऐन पावसाळ्यात सात मिनिटांची शॉर्टफिल्म केली. गोष्ट एवढीशीच. एक मुलगी तिन्हीसांजेला दिवा-उदबत्ती करते आणि त्या रोजच्या कामात काहीतरी चुकत जातं. पहिल्यांदाच फिल्म करू बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पहिल्या एडिटमध्ये मी शिकलेलं सगळं ओतलं होतं: डबल एक्स्पोजर (एकावर एक दोन चित्रं), फ्लिकर (लुकलुकणारं चित्र), निगेटिव्ह (उलटे) रंग. मैत्रिणी म्हणाल्या, "भारी दिसतंय." घाबरली एकही नाही. मग मी माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड या प्रयोगशील फिल्मकार जोडप्याची १९४३ सालची ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ ही शॉर्टफिल्म पुन्हा बघितली. त्यांच्या राहत्या घरातच चित्रित केलेली ती फिल्म. चावी, सुरी, जिना पुन्हा पुन्हा येतात आणि दर खेपेला थोडे बदललेले असतात. माझ्या फिल्ममध्ये बदलत होते ते नुसते इफेक्ट. निम्मं फुटेज टाकून दिलं आणि ठरवलं, बिघडवायचा तो फक्त वेळ.

उदबत्तीचा शॉट असा केला. मामेबहीण उदबत्तीपासून मागे मागे चालत गेली आणि एडिटमध्ये शॉट उलटा लावला. पडद्यावर ती सरळ चालत येते, पण पायावर भार भलत्याच वेळी पडतो. धूर मात्र वरून खाली येऊन जळत्या टोकात शिरतो. बघणाऱ्याला हे लगेच कळत नाही. आधी नुसतं अस्वस्थ वाटतं. पंखा बंद हवा, मागे काळोख हवा आणि दिवा धुराच्या मागून, थोडा कडेने लावायचा. समोरून उजेड टाकलात तर धूर दिसतच नाही. आमची पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

चेहरा विरघळतो तो शॉट व्हिडिओ नाहीच. एकेक सेकंद शटर उघडं ठेवून फोटो काढले आणि सेकंदाला बारा या हिशेबाने जोडले. वीस सेकंदांसाठी २४० फोटो. डोळे एका जागी, जबडा अगदी सावकाश हलता. बहीण जत्रेतल्या नाटकांत काम करते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची तिची सवय. इतकं स्थिर बसायला तिला दोन दिवस लागले, पण जमल्यावर तिच्याइतकं छान कुणालाच जमलं नसतं.

आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या (काचेऐवजी पातळ, धूसर शिंपले बसवलेल्या) खिडक्यांकडे जरूर बघा. पावसाळी आभाळाच्या उजेडात कोणी बाहेरून तावदानाला हात टेकवला की बोटं स्पष्ट दिसतात. हात वीतभर मागे घेतला की सावली विरून जाते. असा फिल्टर विकत मिळणार नाही.

ट्यूबलाइटखाली शूट करताना शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/६० वर चित्रात पट्टे सरकू शकतात. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट पावसाळी हवेत नेऊ नका, लेन्सवर वाफ धरते.

आवाजाला मात्र भरपूर वेळ द्या. खिडकीची करकर निम्म्या वेगाने वाजवली की ती एक सप्तक खाली उतरते आणि कोणीतरी कण्हल्यासारखी वाटते. बाहेरच्या बेडकांचा आवाज मी रात्री दहा मिनिटं रेकॉर्ड केला, तो पूर्ण फिल्मभर ठेवला आणि धूर उलटा फिरतो तिथे एकदम तोडला. संगीताची गरज उरली नाही.

मामीने आधीच बजावलं होतं, "देवघरातल्या दिव्याला हात लावू नका." तिचं बरोबरच होतं. आम्ही माजघरात पाटावर वेगळी मांडामांड केली. फिल्म तयार झाल्यावर पहिल्यांदा तिलाच दाखवली. बेडूक थांबले तशी तिने बसल्या जागी पाय वर घेतले आणि हळूच विचारलं, "अगो, तो धूर खाली कसा गेला?"