छोटी एसयूव्ही घेण्यापूर्वीची तयारी

शोरूमला फोन करण्याआधी मोजपट्टी घेऊन स्वतःच्या पार्किंगमध्ये उतरावे. नाशिकच्या इंदिरानगर किंवा सिडकोतल्या जुन्या इमारतींत खांबांमधली जागा गाडीच्या लांबीला पुरते, रुंदीला पुरेलच असे नाही, आणि माहितीपत्रकातल्या रुंदीत बाजूचे आरसे सहसा धरलेले नसतात. लांबी बहुधा 4 मीटरच्या आतच असते, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून तेवढ्या लांबीच्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे. त्यावरच्यांना 40 टक्के. ही मर्यादा सांभाळताना कात्री लागते ती डिकीला आणि मागच्या सीटला.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरातले पाचही जण आणि प्रवासाला खरोखर निघणाऱ्या बॅगा न्याव्यात. आमच्या आईचे गुडघे दुखतात. उंच सीटवर ती न वाकता बसली आणि तिच्यापुरता निकाल तिथेच लागला, मात्र मागे मधोमध बसवलेल्या मुलाचे गुडघे एसीच्या जाळीला टेकले होते.

सेल्समन सपाट रस्ता दाखवतो. आपण द्वारका चौकाची गर्दी आणि महामार्गावरच्या उड्डाणपुलाचा चढ मागून घ्यावा, तोही एसी चालू ठेवून. लहान टर्बो इंजिन कमी आरपीएमला, म्हणजे हळू फिरत असताना, रेंगाळते, आणि भरलेली गाडी या चढावर रेंगाळली, तर मुंबईहून परतताना कसारा घाटात ट्रकमागे काय होईल याचा अंदाज येतो. उंच गाडी वळणावर झुकते, हे चालवणाऱ्यापेक्षा मागे बसलेल्यांना विचारावे. सप्तशृंगगडाच्या वाटेवर उलटी त्यांनाच होते.

रोजची धाव सातपूर ते पंचवटी एवढीच असेल, तर डिझेलचा मोह टाळावा, कारण बीएस-6 डिझेलमधला काजळी अडवणारा फिल्टर साफ व्हायला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव लागते. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीचे गुण पाहताना प्रौढ आणि मुले यांचे तारे वेगळे वाचावेत.

कोटेशन लेखीच घ्यावे. नव्या गाडीला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूमकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. आमच्या कोटेशनमध्ये विमा आणि ॲक्सेसरीज न विचारताच जोडल्या होत्या. निघताना डिकीतली चटई उचलून स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची आहे का, तेही पाहून घ्यावे.