बर्बन-राय चाखायची कशी आणि "सध्या काय पिताय?" ला नीट उत्तर द्यायचं कसं

"सध्या काय पिताय?" असं विचारलं की बहुतेक जण बाटलीचा फोटो पाठवतात आणि खाली एक शब्द लिहितात, "स्मूथ". आता स्मूथवरून समोरच्याने काय समजायचं? गोड आहे का, तिखट आहे का, घशात जळते का, लाकूड फार लागलंय का, पुन्हा घ्याल का, यातलं काहीच कळत नाही आणि तो बिचारा दुकानात उभा राहून आपल्या एका शब्दावर चाळीस-पन्नास डॉलर घालवणार असतो. मी अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटीत राहते, नदी ओलांडली की केंटकी, बर्बन या व्हिस्कीचं माहेरघर, त्यामुळे आमच्या इथल्या मराठी मंडळींत बर्बनचा नाद लागणं साहजिकच होतं. आम्ही सहा-सात जण महिन्यातनं एकदा बसतो, प्रत्येक जण एक बाटली आणतो आणि त्या दिवशी काय प्यालो ते वहीत लिहून ठेवतो. गेल्या काही वर्षांत या वहीमुळे जे शिकले ते इथे सांगते.

सुरुवात लेबलपासून करा, झाकण उघडायच्या आधी. बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली, निदान ५१ टक्के मका असलेली आणि आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरलेली व्हिस्की, त्यात रंग किंवा वास वरून घालायला परवानगी नाही. ती केंटकीचीच असली पाहिजे असं काही नाही, हा गैरसमज फार आहे. राय व्हिस्कीचा नियमही तसाच, फक्त मक्याच्या जागी ५१ टक्के राय. आणि राय म्हणजे आपली मोहरी नव्हे हो, गव्हाच्या जातीचं थंड हवेतलं धान्य आहे ते. लेबलवर "स्ट्रेट" असेल तर किमान दोन वर्षं मुरलेली, आणि चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय लिहावंच लागतं. "बॉटल्ड इन बाँड" दिसलं तर मी डोळे झाकून घेते, कारण हा १८९७ चा कायदा आहे, एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची. त्या काळी बाजारात व्हिस्कीच्या नावावर काय वाट्टेल ते विकलं जायचं, त्यावर उपाय म्हणून हा कायदा आला आणि आजही स्वस्तात चांगली बाटली शोधायची तर याच्यासारखी खूण नाही. "स्मॉल बॅच" या शब्दाला मात्र कायद्यात काहीच व्याख्या नाही, त्यावर भुलू नका.

मी भुलले होते. सुरुवातीच्या काळात एक सुंदर जाड काचेची बाटली घेतली, पुढे घोडागाडीचं चित्र, आजोबा-पणजोबांची गोष्ट, स्मॉल बॅच वगैरे. घरी येऊन मागचं लेबल वाचलं तर बारीक अक्षरात इंडियानामध्ये गाळलेली. म्हणजे व्हिस्की दुसऱ्याकडनं घेतलेली, बाटली आणि गोष्ट तेवढी या ब्रँडवाल्यांची. व्हिस्की वाईट नव्हती पण पैसे गोष्टीचे गेले. तेव्हापासून मागे "डिस्टिल्ड" कुठे आणि नुसतं "बॉटल्ड" कुठे हे वाचल्याशिवाय मी बाटली टोपलीत टाकत नाही. आणि लॉरेन्सबर्ग दिसलं तर राज्यही बघा, कारण लॉरेन्सबर्ग दोन आहेत. केंटकीतलं, जिथे वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस, आणि इंडियानातलं, आमच्या घरापासून जवळच ओहायो नदीच्या काठावर, जिथल्या एका मोठ्या डिस्टिलरीतून कित्येक ब्रँडना राय जाते.

प्रूफचं, म्हणजे अल्कोहोल किती ते सांगणाऱ्या आकड्याचं, एकदा नीट समजून घ्या म्हणजे घोळ होणार नाही. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट, १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. भारतातल्या बाटलीवर ७५ डिग्री प्रूफ आणि ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं, तो जुना ब्रिटिश हिशोब. माझा मामेभाऊ पुण्याहून आला तेव्हा १०१ प्रूफ बघून घाबरला होता, त्याला वाटलं अठ्ठावन्न टक्के आहे. म्हणून लिहिताना सरळ टक्के लिहा, दोन्हीकडच्या लोकांना कळतं. बॅरल प्रूफ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, असेल तर आकडा लिहिलाच पाहिजे, कारण पिंपात भरताना कमाल ६२.५ टक्केच भरता येते पण गोदामाच्या वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं आणि काढताना टक्के त्याच्याही वर गेलेले असू शकतात, दर बॅचला वेगळे. तीच बाटली मागच्या वर्षी आवडली म्हणून यंदा तशीच लागेल याची खात्री नाही.

आता चाखायचं. जेवायच्या आधी बसा. चखणा नंतर. ठेचा, कांदाभजी, लसणाची चटणी घातलेला चिवडा यातलं काहीही आधी तोंडात गेलं तर पुढचा तासभर सगळ्या व्हिस्क्या सारख्याच लागणार. एकेकाला १५ मिली पुरते, चार बाटल्या चाखल्या तरी एकूण ६० मिलीच होतात, आणि गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवून त्या माणसाला फक्त वास घेऊ द्या, वासातही अर्धी मजा आहे. ग्लास वर निमुळता असलेला बरा, नसेल तर घरातला छोटा वाइनचा ग्लास चालतो, रुंद तोंडाच्या ग्लासात वास टिकत नाही. ओतल्यावर पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. मग नाक ग्लासात खुपसू नका, हनुवटीजवळ धरा, ओठ जरासे उघडे ठेवा आणि हळू श्वास घ्या, म्हणजे अल्कोहोलचा झटका बसत नाही आणि मागचे वास पुढे येतात. पहिला घोट अगदी छोटा, तो जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावर मत बनवायचंच नाही. दुसरा घोट चावल्यासारखा तोंडात फिरवा, मग गिळा, मग थांबा. गिळल्यावर काय उरतं आणि किती वेळ उरतं हे बघायलाच हवं, लोक तिथेच घाई करतात.

शब्दांची अडचण सगळ्यांनाच येते. इंग्रजीत कॅरमेल, व्हॅनिला, ओक, टॉफी हे ठरलेले शब्द आहेत आणि ते वाचून वाचून आपणही तेच लिहायला लागतो, चव लागो न लागो. गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या एका मित्राची बायको, वहिनी म्हणू, त्या पीत नाहीत, नुसत्या बसल्या होत्या. समोर बुलेटची राय होती, ९५ टक्के राय असलेली. त्यांनी सहज ग्लास उचलला, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई, शेपू आहे की यात." सगळे गप्प. मग एकेकाने वास घेतला आणि खरंच, शेपूची भाजी निवडताना हाताला जो वास राहतो ना तोच, आणि मागून थोडी बडीशेप. ९५ टक्के वाल्या रायमध्ये हा शेपूसारखा वास येतो हे जाणकार लोक बरेच वर्षं सांगत आलेत, आम्ही ते वाचलंही होतं, पण आमच्यातल्या एकालाही तो लागला नव्हता कारण आम्ही "स्पायसी" शोधत होतो. रोज भाजी निवडणारं नाक बरोबर पोचलं. त्या दिवसापासून वहीत नियम केला, शब्द आपल्या घरातला पाहिजे.

आणि आपल्याकडे शब्द भरपूर आहेत हो. केंटकीच्या बऱ्याच बर्बनमध्ये भाजक्या शेंगदाण्याची चव येते, ती गोडाबरोबर आली की शेंगदाण्याची चिक्कीच. गोडाचेही प्रकार सांगा, साखरेचा पाक वेगळा, काकवी वेगळी, तळाशी थोडी लागलेली खरवड वेगळी. मसाला म्हणजे नक्की काय, दालचिनी, लवंग, जायफळ की काळी मिरी? चेरी म्हणण्यापेक्षा केकवरची लाल चेरी असं म्हटलं की लगेच कळतं. आणि सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे तुरट. पिंपात जास्त वर्षं राहिलेल्या बर्बनमध्ये लाकूड उतरतं आणि जीभ आवळून येते, आपण लहानपणापासून आवळा, सुपारी, कच्चं केळं खाऊन ही चव ओळखतो. बारा-पंधरा वर्षांची बाटली जिच्यासाठी लोक जीव टाकतात, ती पुष्कळदा मला तुरट लागते आणि मी तसं लिहिते. माझं मत विचाराल तर सहा ते दहा वर्षांत बर्बन सगळ्यात छान असते, केंटकीच्या उन्हाळ्यात आणि नव्या पिंपात तेवढं पुरतं.

नवीन असाल तर चार बाटल्या घ्या आणि शेजारी शेजारी ओता, एकेकटी पिऊन फरक कळत नाही. मेकर्स मार्क, हिच्यात मक्याबरोबर राय नाहीच, गहू आहे, म्हणून मऊ आणि गोडसर. एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बॉटल्ड इन बाँड, साधी नेहमीची मका-राय-बार्लीची, स्वस्त आणि खणखणीत. ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड (बाँडेड म्हणजे बॉटल्ड इन बाँडच), बर्बनच पण राय भरपूर. आणि रिटनहाऊस, ही कागदोपत्री राय, पण केंटकी पद्धतीची, म्हणजे नियमापुरती राय आणि उरलेल्यात मका बराच. हे चार ग्लास नंबर टाकून, नाव लपवून ठेवा. आम्ही केलं तेव्हा पाच जणांपैकी चौघांनी ओल्ड ग्रँड-डॅडला राय ठरवलं आणि रिटनहाऊसला बर्बन. चूक म्हणता येणार नाही, दोन्ही शेजारच्याच आहेत, कुंपण कायद्याने मध्येच घातलंय. हे एकदा स्वतःच्या जिभेवर अनुभवलं की लेबलवरच्या शब्दापेक्षा आत कुठलं धान्य किती याकडे लक्ष जायला लागतं. पाचवी घ्यायची ऐपत असेल तर ती ९५ टक्के वाली राय ठेवा, म्हणजे शेपूही सापडेल.

लेबलवर "सावर मॅश" दिसलं तर गोंधळू नका, विरजणासारखं वाटतं पण विरजण नव्हे. आधीच्या खेपेचं गाळून उरलेलं आंबट पाणी नव्या खेपेत घालतात म्हणजे आंबटपणा बरोबर राहतो आणि नको ते जंतू वाढत नाहीत, यीस्ट वेगळं घालावंच लागतं. आणि जवळपास सगळेच हे करतात, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

पाणी घालायला लाजू नका, पण मोजून घाला. ६० टक्क्यांची ३० मिली घेतली आणि त्यात ६ मिली पाणी घातलं, म्हणजे चहाचा एक चमचा आणि वर थोडं, की ती ५० टक्क्यांवर येते. आधी तशीच चाखा, मग पाणी, आणि दोन्ही लिहा. नुकती उघडलेली बाटलीही फसवते, पहिल्या ग्लासात नुसतं झोंबणं आणि दोन आठवड्यांनी तीच बाटली मोकळी झालेली, असं इतक्या वेळा झालंय की पहिल्या दिवशीचं मत मी पेन्सिलने लिहिते. उलट तळाला पाव बाटली उरली की मात्र संपवा नाहीतर छोट्या बाटलीत भरा, आत हवा फार झाली की चव बसते. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की बूच खराब होतं, आणि खिडकीच्या उन्हात नको.

दुसऱ्याला चाखायला द्यायची तर ६० मिलीच्या काचेच्या बाटल्या मिळतात, मास्किंग टेप लावून नाव, टक्के, बॅच नंबर आणि भरल्याची तारीख लिहा. इथे अमेरिकेत सरकारी पोस्टाने दारू पाठवता येत नाही, हातोहातच द्या. भारतात नेताना एका माणसाला दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही, सामान चेक-इन करा, आणि ७० टक्क्यांच्या वरची बाटली विमानात चालतच नाही. भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत बर्बनवरचा कर दीडशे टक्क्यांवरून शंभरवर आला, तरी पुण्या-मुंबईत निवड मोजकीच आहे, त्यामुळे कोणी जाणार असेल तर तिकडे मिळणारी जिम बीम नेऊ नका, एखादी बाँडेड राय न्या, घरच्यांना काहीतरी नवीन चाखता येईल.

लिहायचं किती? पाच-सहा ओळी पुरे. नाव, टक्के, बाटली उघडून किती दिवस झाले, वास, चव, गिळल्यावर काय, किती पैसे दिले, आणि त्याच पैशात पुन्हा घ्याल का. हा शेवटचा प्रश्न कधी गाळू नका, लोक तोच वाचतात. रांगेत उभं राहून मिळवलेल्या बाटलीबद्दल वाईट लिहायला जीव होत नाही हे मला माहितेय, पण लिहा, मागच्याचे पैसे वाचतील. माझ्या वहीतली या शनिवारची नोंद जशीच्या तशी देते:

"रिटनहाऊस राय, ५० टक्के, उघडून तीन आठवडे. वास: काकवी, दालचिनी, संत्र्याची साल वाळवलेली. चव: आधी गोड, मग मिरी, मध्येच थोडा कोको. पाण्याने मिरी कमी, गोड जास्त, मला बिनपाण्याची आवडली. गिळल्यावर लवंग, बराच वेळ. तुरट अजिबात नाही. तिसाच्या आत मिळाली. पुन्हा घेणार, दोन घेणार, एक आईकडे जाताना मामेभावाला."