महागड्या औषधाच्या किमतीमागचे कारण कसे शोधावे

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाची किंमत ऐकून छातीत धडकी भरली, की बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘हे कुठे स्वस्त मिळेल?’ असा. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो म्हणजे ही किंमत कशाच्या जोरावर टिकून आहे. पेटंट चालू आहे, चाचण्यांच्या माहितीला संरक्षण आहे, दुसरा उत्पादकच बाजारात नाही, की सरकारने ठरवून दिलेली मर्यादाच तेवढी आहे, यांपैकी कारण कोणते यावर उपाय अवलंबून असतो. पेटंट केव्हाच संपलेल्या औषधाच्या बाबतीत डॉक्टरांना एक प्रश्न विचारला तरी खर्च उतरू शकतो. पेटंट चालू असलेल्या औषधाच्या बाबतीत दहा दुकाने फिरूनही फारसा फरक पडत नाही. हे कारण कसे हुडकावे, एवढेच येथे सांगायचे आहे. औषध बदलावे की नाही, हा निर्णय शेवटपर्यंत डॉक्टरांचाच.

आधी औषधाचे मूळ नाव काढा

वेष्टनावर ठळक अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले व्यापारी नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरांत असते ते औषधद्रव्याचे नाव, आणि पुढचा सगळा शोध याच नावाने करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ पासून औषधद्रव्यांना जगभर एकच नाव असावे यासाठी नामावली ठेवली आहे. त्या नावांच्या शेपटाकडे लक्ष दिले तर औषधाचे कुळ कळते: ‘स्टॅटिन’ने संपणारी बहुधा कोलेस्टेरॉलसाठी, ‘प्रिल’ने संपणारी बहुधा रक्तदाबासाठी, ‘टिनिब’ने संपणारी प्रामुख्याने कर्करोगावरील लक्ष्यवेधी औषधे, आणि ‘मॅब’ने संपणारी प्रतिपिंडांपासून बनवलेली जैविक औषधे. कुळ कळणे पुढे फार उपयोगी पडते, कारण त्याच कुळातले जुने भावंड अनेकदा पेटंटमुक्त झालेले असते.

नावासोबत मात्रा, स्वरूप (गोळी, इंजेक्शन, सावकाश विरघळणारी गोळी) आणि घटक एकाहून अधिक असल्यास प्रत्येकाचे नाव वेगळे लिहून ठेवा. हा कंटाळवाणा तपशील वाटेल, पण गफलत नेमकी इथेच होते. द्रव्य तीस वर्षांचे जुने असले तरी ते सावकाश सोडणाऱ्या गोळीच्या रचनेवर स्वतंत्र पेटंट असू शकते. दोन जुनी, स्वस्त द्रव्ये एका गोळीत एकत्र आली, की जोडगोळीची किंमत दोघांच्या बेरजेहून कितीतरी अधिक असलेलीही आढळते.

पेटंट कुठपर्यंत आहे ते पाहा

जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स हा पेटंटसारख्या बौद्धिक संपदा हक्कांविषयीचा करार १ जानेवारी १९९५ रोजी लागू झाला. त्यानुसार पेटंटची मुदत अर्ज दाखल केल्यापासून किमान २० वर्षे असते. ही मोजणी औषध बाजारात आल्यापासून होत नाही, हे विसरू नये. रेणू सापडताच अर्ज केला जातो, मग प्रयोगशाळा, प्राण्यांवरील अभ्यास आणि माणसांवरील चाचण्यांत कित्येक वर्षे जातात, आणि बाजारातला एकाधिकार प्रत्यक्षात २० वर्षांपेक्षा बराच कमी काळ मिळतो. ही भरपाई म्हणून अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने पेटंट जास्तीत जास्त ५ वर्षे वाढवून मिळते, मात्र मंजुरीनंतरचा एकूण काळ १४ वर्षांपुढे जाऊ दिला जात नाही. युरोपातही ५ वर्षांपर्यंतचे पूरक संरक्षण आहे. शिवाय पेटंट देशागणिक वेगळे असते. एका देशात चालू असलेले पेटंट शेजारच्या देशात कधी मागितलेलेच नसते, तर कधी नाकारलेले असते.

या प्रादेशिकतेचा परिणाम किती मोठा असू शकतो, याचा धडा एचआयव्हीच्या औषधांनी दिला. सन २००० च्या सुमारास तीन औषधांच्या उपचाराचा खर्च रुग्णामागे वर्षाला १०,००० डॉलरच्या वर होता. भारतात १९७० च्या कायद्यानुसार औषधाच्या प्रक्रियेवरच पेटंट मिळे, खुद्द द्रव्यावर मिळत नसे. हा कायदा २००५ मध्ये बदलला. त्या मोकळिकीमुळे सिप्ला कंपनीने २००१ च्या फेब्रुवारीत तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. मधल्या फरकात उत्पादनखर्चाचा वाटा किती आणि एकाधिकाराचा किती, हे वेगळे सांगायला नको.

शोधताना एकाच पेटंटवर थांबू नका. मूळ रेणू, त्याचा क्षार, स्फटिकरूप, मात्रेची पद्धत, इंजेक्शनचे उपकरण अशा प्रत्येक गोष्टीवर वेगळे पेटंट घेता येते, आणि त्यांच्या मुदती एकामागून एक संपतात. संधिवातावरील ॲडालिमुमॅबचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. अमेरिकेत त्याचे मुख्य पेटंट २०१६ मध्ये संपले, पण भोवती शंभराहून अधिक पेटंटांचे कुंपण होते. प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या तडजोडींमुळे त्याचे बायोसिमिलर, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेले त्याच्याशी अत्यंत मिळतेजुळते जैविक औषध, युरोपात २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आले आणि अमेरिकेत थेट २०२३ च्या जानेवारीत. औषध तेच असूनही एका खंडातील रुग्णाला चार वर्षांहून अधिक काळ जास्त थांबावे लागले. भारताच्या पेटंट कायद्यातील कलम ३(ड) अशा कुंपणाला आळा घालण्यासाठी आहे: ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपामुळे परिणामकारकता वाढत नसेल, तर पेटंट मिळत नाही. याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कर्करोगावरील इमॅटिनिबच्या स्फटिकरूपावरील पेटंटचा दावा फेटाळला.

ही माहिती शोधायची कुठे? अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ‘मेडिसिन्स पेटंट पूल’ या जिनिव्हास्थित संस्थेची ‘मेड्सपॅल’ ही विनामूल्य सूची सर्वांत सोयीची आहे. मूळ नाव आणि देश टाकला, की पेटंटची स्थिती दिसते. अमेरिकेपुरती तेथील औषध नियामकाची ‘ऑरेंज बुक’ ही सूची आणि जैविक औषधांसाठी ‘पर्पल बुक’ पाहावी. मात्र ‘ऑरेंज बुक’मधील तारीख वाचून ती आपल्या देशाची समजणे ही नेहमीची चूक आहे, ती टाळावी.

पेटंट नसूनही महाग असेल तर

पेटंट संपले असूनही दुसऱ्या कंपनीचे औषध दिसत नसेल, तर चाचणी-माहितीचे संरक्षण तपासा. या काळात नियामक संस्था मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे जेनेरिक औषधाला, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या त्याच द्रव्याच्या औषधाला, मंजुरी देत नाही. अमेरिकेत नव्या रेणूला ५ वर्षे आणि जैविक औषधाला १२ वर्षे असे संरक्षण मिळते. युरोपात माहितीला ८ वर्षे, त्यापुढे बाजारपेठेला २ वर्षे आणि नवा महत्त्वाचा उपयोग सिद्ध झाल्यास आणखी १ वर्ष, अशी रचना आहे.

तेही नसेल, तर प्रतिस्पर्धी किती आहेत ते मोजा. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गावरील पायरीमेथामिन हे १९५० च्या दशकातले औषध. त्यावर पेटंट उरलेले नव्हते, तरी २०१५ मध्ये अमेरिकेत त्याची एक गोळी १३.५० डॉलरवरून ७५० डॉलरवर नेण्यात आली. त्या देशात मंजुरी असलेला विक्रेता एकच होता, रुग्ण थोडे होते आणि वितरण बंदिस्त होते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीला तुलनेसाठी नमुने मिळवणेही अवघड होते. तेथे पहिले जेनेरिक मंजूर व्हायला २०२० उजाडले. म्हणून पेटंट संपले की औषध आपोआप स्वस्त होते, हा समज सोडून द्यावा. किंमत खाली येते ती तीन-चार उत्पादक एकमेकांसमोर उभे राहिल्यावर.

सरकारी नियंत्रण कोणत्या पद्धतीचे आहे

सरकारे किंमत रोखतात ती निरनिराळ्या रीतींनी, आणि आपल्या देशाची रीत ठाऊक नसेल तर छापील आकड्याचा अर्थ लागत नाही. भारतात २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार आवश्यक औषधांच्या यादीतील प्रत्येक मात्रेची कमाल किंमत ठरते: बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या सर्व ब्रँडांच्या किमतींची साधी सरासरी आणि त्यावर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के. यादीबाहेरच्या औषधांची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढवता येत नाही. माझ्या मते या पद्धतीचा कच्चा दुवा सरासरीतच आहे, कारण बाजारातील महागडे ब्रँड मर्यादा वर ओढतात. तेव्हा कमाल किंमत म्हणजे रास्त किंमत, असे मानू नये.

जर्मनीत १९८९ पासून सारख्या औषधांचा गट करून विमा किती रक्कम देईल ते ठरते, आणि त्याहून महाग ब्रँड घेतल्यास वरचा फरक रुग्णाने भरायचा असतो. इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेली ‘नाइस’ ही संस्था औषधाने मिळणाऱ्या निरोगी आयुष्याच्या तुलनेत खर्च परवडतो का, ते तपासते. अमेरिकेने मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी थेट वाटाघाटींचा अधिकार २०२२ च्या कायद्याने घेतला आणि पहिल्या १० औषधांच्या वाटाघाटीच्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू केल्या.

दोन देशांतील किमतींची तुलना करताना एक सावधगिरी बाळगा. जाहीर किंमत आणि सरकार किंवा विमा कंपनी प्रत्यक्षात मोजते ती किंमत यांत गोपनीय सवलतीचा पडदा असतो. जागतिक आरोग्य सभेने २०१९ मध्ये निव्वळ किमती उघड करण्याविषयी ठराव केला, तरी तो बंधनकारक नाही. तुलना करायचीच असेल तर गोळीमागे न करता पूर्ण उपचारामागे करा.

कारण कळल्यावर काय करावे

पेटंट संपले असेल आणि अनेक ब्रँड उपलब्ध असतील, तर डॉक्टरांना औषध मूळ नावाने लिहून देण्याची विनंती करावी. जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी-जास्त असते, असे सर्रास ऐकू येते. ते चुकीचे आहे. हा समज ज्या ८० ते १२५ टक्के मर्यादेवरून निघतो, ती जेनेरिक आणि मूळ औषध यांच्या रक्तात पोहोचणाऱ्या प्रमाणाच्या सरासरी गुणोत्तराच्या ९० टक्के विश्वासमर्यादेला (त्या अंदाजातील अनिश्चिततेच्या संपूर्ण पट्ट्याला) लागू होते, गोळीतील द्रव्याच्या प्रमाणाला नव्हे. तथापि वॉरफेरिन, लेव्होथायरॉक्सिन, टॅक्रोलिमस आणि अपस्माराची काही औषधे यांची मात्रा फार काटेकोर लागते. त्यांचा ब्रँड बदलायचा असेल तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरजेप्रमाणे रक्ततपासणी करूनच बदलावा.

पेटंट चालू असेल, तर त्याच कुळातले जुने औषध चालेल का, हे विचारावे. उदाहरणार्थ, आम्लपित्तावरील इसोमेप्राझोल हे जुन्या ओमेप्राझोलच्याच दोन आरसारूपांपैकी (एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारख्या रेणूंपैकी) एक आहे. अशा ठिकाणी नव्याचा जादा लाभ आपल्या आजारात किती, हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारता येतो. जुना पर्याय नसेल, तर कंपनीची रुग्णसाहाय्य योजना, सरकारी योजना आणि विमा, या क्रमाने चौकशी करावी.

सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला ते औषध बनवू देणे, हे मात्र सरकारच्या हातातले साधन आहे. ट्रिप्सच्या कलम ३१ मध्ये त्याची तरतूद आहे आणि २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने ती पुन्हा अधोरेखित केली. भारतात मार्च २०१२ मध्ये कर्करोगावरील सोराफेनिबसाठी असा परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांच्या आसपास आला. एकट्या रुग्णाला तो मागता येत नाही, पण रुग्णसंघटनांना पेटंटच्या अर्जावर हरकत घेण्याची सोय काही देशांत आहे, आणि भारतात पेटंट मंजूर होण्यापूर्वी अशी हरकत कोणीही घेऊ शकतो.

आकारलेली रक्कम कमाल किमतीहून अधिक वाटत असेल, तर तक्रारीआधी यादीतील मात्रा आणि स्वरूप आपल्याकडच्या औषधाशी तंतोतंत जुळते का, कर त्यात धरला आहे का आणि यादी कोणत्या तारखेची आहे, हे तपासून घ्यावे. त्यानंतर बिल, वेष्टनावरील छापील किंमत व बॅच क्रमांक यांचे छायाचित्र आणि यादीतील नोंदीची प्रत जोडून किंमत नियामकाकडे लेखी तक्रार करावी, आणि निकाल लागेपर्यंत रिकामे वेष्टन जपून ठेवावे.