तिसरी-चौथीच्या मुलांना आपल्या भागातली कवयित्री कशी शिकवावी

‘लेखक परिचय’ म्हटलं की फळ्यावर जन्म, मृत्यू आणि ग्रंथसंपदा उतरते. मुलं ती वहीत उतरवतात आणि घंटा होते. आठ-नऊ वर्षांच्या पोराला यातलं काही लक्षात राहत नाही. राहावं तरी कशाला? ज्या रस्त्यानं आपण शाळेत येतो त्याच रस्त्याच्या आसपास कुणीतरी हे रचलं, हे त्याला कळणं महत्त्वाचं. खाली जळगाव जिल्ह्यातलं उदाहरण घेतलंय. तुमचा जिल्हा वेगळा असेल तर नाव बदला, क्रम मात्र हाच ठेवा.

१. एकच नाव निवडा

आमचा जिल्हा याबाबतीत श्रीमंत आहे. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, बालकवी धरणगावचे, भालचंद्र नेमाडे सांगवीचे. सगळ्यांना एका आठवड्यात उरकायचा मोह होतो, तो आवरा. दोनच गोष्टी बघा: मुलांना नुसतं ऐकून कळेल असं काही त्या व्यक्तीनं रचलंय का, आणि तिच्या गावाला सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारी परतता येईल का. नेमाड्यांना २०१४चं ज्ञानपीठ मिळालं, ते थोरच. पण चौथीच्या वर्गाला ते पेलणारे नाहीत. बहिणाबाई दोन्ही कसोट्यांना उतरतात.

२. नाव सांगण्याआधी हाताला काम द्या

पावसाळा सरला की विहिरीवर झुकलेल्या बाभळीखाली सुगरणीचा एखादा रिकामा खोपा पडलेला सापडतो. तो वर्गात आणा. झाडावरचा मात्र तोडू नका. मग प्रत्येकाला मूठभर वाळलं गवत द्या आणि असा खोपा विणायला सांगा. गाठ मारायची नाही, डिंक नाही, दोरा नाही.

पंधरा मिनिटांत सगळा वर्ग हात टेकतो. कुणाचं भेंडोळं होतं, कुणाचं घरटं उचलताच सुटतं. नेमक्या त्या क्षणी ‘अरे खोप्यामधी खोपा’ वाचा. पक्षिणीकडे उलीशी चोच, आणि माणसाला देवानं ‘दोन हात दहा बोटं’ दिलेली, ही ओळ आली की मुलं आपल्या बोटांकडे बघतात. मग वेगळा अर्थ सांगत बसावं लागत नाही.

एखादं चौकस पोर म्हणेल, ‘सर, खोपा तर नर विणतो.’ खरंच आहे. नर विणतो, मादी पाहून पसंत करते. शाबासकी द्या आणि विचारा, मग बहिणाबाईंना त्यात आई का दिसली असेल? वर्गात यावर चांगली खडाजंगी होते.

३. बोली दुरुस्त करू नका

इथं शिक्षकाची खरी परीक्षा असते. ‘खोप्यामधी’ खोडून ‘खोप्यामध्ये’ करायची सवय हाडात मुरलेली असते. पण घरी अहिराणी, तावडी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलाला आपली बोली पुस्तकात छापलेली दिसते, ती बहुधा पहिल्यांदाच. (बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी समजली जाते. त्यांची बोली लेवा गणबोलीच्या घरातली.)

शक्य असेल तर कविता तुम्ही वाचूच नका. एखाद्या विद्यार्थ्याच्या आजीला बोलवा. ‘मला कुठं वाचता येतं?’ असं म्हणाली तर फारच उत्तम. मुलांनी एकेक ओळ वाचावी आणि आजीनं ती आपल्या चालीत म्हणावी.

४. आता गोष्ट सांगा, आणि थोडक्यात सांगा

बहिणाबाई १८८० साली असोद्यात जन्मल्या, लग्न होऊन जळगावला आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचत आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ ती टिपून घेत. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. एवढंच पुरे. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, हे मात्र जरूर सांगा. पाटी न शिकलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला, हे ऐकून मुलं हसतात आणि मग गप्प होतात.

५. बहिणाई-सोपान खेळ

मुलांच्या जोड्या करा. एकानं बहिणाई व्हायचं आणि घरी, शेतात, बाजारात पाहिलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल चार ओळी बोलायच्या. दुसऱ्यानं सोपान होऊन ऐकल्या तशा लिहायच्या, एक अक्षरही न बदलता. नंतर अदलाबदल. ज्याचं अक्षर वाईट, शुद्धलेखन कच्चं, ते पोर बहिणाई होऊन कधीकधी सगळ्यांत भन्नाट बोलतं. केळी, कापूस, ट्रॅक्टर, मोबाइल, विषय काहीही चालेल. यमक जुळलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

६. सहल

असोदा जळगावला अगदी लागून आहे आणि जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वस्तू जपल्या आहेत. वेळा आधी विचारून घ्या. प्रश्नांचा छापील कागद मुलांच्या हातात देऊ नका, नाहीतर ती वस्तू सोडून कागदच बघत बसतात. एवढंच सांगा: एक वस्तू निवडा, तिचं चित्र काढा आणि तसली वस्तू कुणाच्या घरी अजून आहे का ते शोधून या.

७. पुढचं वर्ष

श्रावणात बालकवी घ्या. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. कुणाच्या मोठ्या भावाएवढे, असं म्हणा. त्यानंतर साने गुरुजी. जन्म कोकणात पालगडला, पण १९२४ ते १९३० ते अमळनेरला शिक्षक होते. मग ते आपले की कोकणातले? हा वाद वर्गात मतदानानं मिटवायचा प्रयत्न आम्ही केला होता. मिटला नाही.

परीक्षा घेऊ नका. जोड्यांनी लिहिलेल्या ओळींची एक हस्तलिखित वही शिवा, आजीचं नाव पहिल्या पानावर घाला आणि वही कपाटात कुलूपबंद न करता खिडकीपाशी ठेवा.