जुन्या लॅपटॉपमध्ये आतलं वायफाय कार्ड कसं बसवावं

जुना लॅपटॉप ठणठणीत चालत असेल, तर निव्वळ वायफायपायी तो भंगारात देऊ नका. यूएसबी डोंगलवर काम भागतं, पण तो एक पोर्ट अडवतो आणि बॅगेत ठेवताना वाकतो. कार्ड आत बसवलं तर पडद्याभोवतीच्या अँटेना वापरता येतात. सोल्डरिंग लागत नाही, साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो. फक्त पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, म्हणजे तपकीर गल्ली गाठायच्या आधी लॅपटॉप उघडून बघा. आधी कार्ड घेतलं आणि मग झाकण उघडलं, की पैसे वाया जायची भीती असते.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा. पुण्यातल्या कोरड्या थंडीत अंगावर स्टॅटिक चार्ज जमतो, त्यामुळे आत हात घालण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावा. स्वेटर काढून ठेवलेला बरा.

आता खालचं झाकण उघडून स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची खाच बघा. साधारण 2006च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय प्रकारचा स्लॉट असतो. त्याची चांगली कार्डं आता शोधत बसण्यात अर्थ नाही, तिथे डोंगलच घ्या. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआयई असतो. त्याची पूर्ण कार्डं सुमारे 51 मिलिमीटर लांब, अर्धी सुमारे 27. साधारण 2014पासून एम.2 हा नवा स्लॉट आला. 3जी मोडेम किंवा एमसॅटा ड्राइव्हचा (डेटा साठवायच्या छोट्या कार्डाचा) स्लॉटही हुबेहूब मिनी पीसीआयईसारखाच दिसतो, म्हणून बोर्डावर शेजारी काय छापलंय ते वाचा. काही स्वस्त मॉडेल्सवर स्लॉटची जागा असते, पण स्लॉटच लावलेला नसतो. तसं असेल तर बेत तिथेच सोडा.

स्लॉटजवळ अँटेनाच्या दोन बारीक वायरी दिसतात का? बऱ्याचदा एक काळी, एक पांढरी. वायफाय नसलेल्या लॅपटॉपमध्येही कंपनीने त्या आधीच टाकलेल्या असू शकतात, टोकं प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळून. नसतील तर बिजागरातून पडद्याभोवती नव्या वायरी ओढाव्या लागतात. ते काम दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

यानंतरची अडचण झाकण उघडूनही दिसत नाही. जुन्या थिंकपॅड आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेल्सचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, ठरावीक कार्डंच स्वीकारतो. दुसरं लावलं तर थिंकपॅडवर 1802, एचपीवर 104 अशी चूक येते आणि मशीन पुढे सरकत नाही. म्हणून मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मान्य कार्डांची यादी बघा आणि त्यातलंच घ्या.

तपकीर गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं कठीण, मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत जा. स्लॉटचा फोटो सोबत ठेवा. बायोसचं बंधन नसेल तर अर्ध्या मिनी पीसीआयईसाठी इंटेल 7260 एसी चांगलं. त्यात 5 गिगाहर्ट्‌झ हा कमी गर्दीचा वायफाय पट्टा मिळतो, आणि ज्या सोसायटीत घरोघरी राउटर आहेत तिथे तोच लागतो. एम.2 असेल तर एएक्स 200 चालेल. एएक्स 201 मात्र घेऊ नका. दिसायला तसंच असलं, तरी ते इंटेलच्या ठरावीक नव्या चिपसेटवरच (बोर्डावरच्या मुख्य चिपांवर) चालतं.

कार्ड साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा, मग हलकेच खाली दाबून स्क्रू लावा. खरी कसोटी वायरींची. कनेक्टरची सोनेरी टोपी डाळीच्या दाण्याहून लहान असते. ती कार्डावरच्या गोल पिनवर बरोबर मधोमध ठेवा आणि अंगठ्याच्या नखाने सरळ खाली दाबा, टिक असं जाणवतं. बसत नसेल तर जोर लावू नका, थोडी सरकवून पुन्हा ठेवा. तिरकी दाबली तर टोपीची कड पसरते आणि मग ती पकड धरत नाही. एम.2 कार्डांवर या पिना आणखी लहान असतात, जुनी टोपी तिथे बसत नाही. कार्डावर मेन आणि ऑक्स लिहिलं असेल तर मॅन्युअलप्रमाणे वायरी लावा. जास्तीची तिसरी वायर असेल तर तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून बाजूला ठेवा.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर मोबाईलचं यूएसबी टेदरिंग (केबलने मोबाईलचं इंटरनेट) वापरा. लिनक्सवर इंटेलची कार्डं सहसा आपोआप ओळखली जातात. कार्ड दिसतंय पण नेटवर्क दिसत नाही, असं झालं तर आधी लॅपटॉपच्या कडेचं वायरलेसचं बटण आणि बायोसमधली सेटिंग तपासा. नेटवर्क दिसतं पण दुसऱ्या खोलीत गेल्यावर तुटतं, तर झाकण पुन्हा उघडा आणि दोन्ही टोप्या नखाने दाबून बघा.