जुना लॅपटॉप फॉर्मॅट करण्याआधी

बाबांचा जुना लॅपटॉप ठाण्यात नौपाड्यातल्या घरी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात असतो. उजवीकडचं बिजागर सैल झालंय, म्हणून स्क्रीनला मागून तूरडाळीच्या डब्याचा टेकू. बॅटरी दहा मिनिटं टिकते. त्यांची काही तक्रार नव्हती. पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, या जुन्या मशिनवर विंडोज ११ बसत नाही आणि बँकेचे सगळे व्यवहार ते इथूनच करतात, तेव्हा नवा घेणं भाग पडलं. मी कोपरीहून दोन शनिवार-रविवार जाऊन सगळं हलवलं. त्याआधी वहीत जी यादी केली होती आणि करता करता जी फुगत गेली, ती ही.

सगळ्यात आधी जुन्या लॅपटॉपची जायची तारीख पुढे ढकला. विकायचा असो, भाच्याला द्यायचा असो की एक्स्चेंजमध्ये घालायचा असो, महिनाभर तरी तो घराबाहेर पडता कामा नये. हे मी अनुभवाने सांगतेय. २०१४ मध्ये हा लॅपटॉप घेतला तेव्हा त्याच्या आधीच्या कॉम्प्युटरवरचा डेटा काढायचं काम आम्ही स्टेशनजवळच्या एका दुकानात दिलं होतं. “सगळा डेटा घेतलाय मॅडम” म्हणत त्यांनी जुनी डिस्क फॉर्मॅट करून टाकली. सगळा म्हणजे डॉक्युमेंट्सचा फोल्डर. डेस्कटॉपवरचं गेलं. आणि बाबा जे काही नवीन करतात ते आधी डेस्कटॉपवरच ठेवतात, मग कधीतरी वर्षा-दोन वर्षांनी आत टाकतात.

दुसरं काम थोडं विचित्र वाटेल, पण मला याचाच सर्वात जास्त उपयोग झाला. ज्याचा लॅपटॉप आहे त्याच्या शेजारी एक सकाळ वही घेऊन बसा आणि तो काय काय उघडतो ते नुसतं लिहा. बाबांना “तुम्ही लॅपटॉपवर काय करता?” असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, “काही नाही गं, मेल बघतो.” शेजारी बसल्यावर वहीचं पान भरलं: मेल, बँक, स्टिकी नोट्सवर लिहिलेले कस्टमर नंबर, क्रोममध्ये आपोआप भरले जाणारे पासवर्ड, फोटो, सोसायटीच्या जुन्या फाइली, प्रिंटर, पत्त्यांचा डाव. यातल्या निम्म्या गोष्टी डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये नसतात. फोल्डर कॉपी करणं कोणालाही जमतं. ज्या गोष्टी आपल्याला फाइल वाटतच नाहीत, त्या मागे राहतात.

आता फॉन्ट. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे मराठी घरांचंच दुखणं आहे आणि इंग्रजी याद्यांमध्ये ते सापडणार नाही. बाबा नऊ वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. इतिवृत्तं, थकबाकीच्या नोटिसा, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब, सगळं श्रीलिपीत. नमुन्याला म्हणून एक फाइल पेन ड्राइव्हवरून नव्या लॅपटॉपवर उघडली, तर “वार्षिक सर्वसाधारण सभा” या मथळ्याच्या जागी डॉलरची खूण, एक उलटा कंस, दोन इंग्रजी अक्षरं, परत कंस. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “अगं, ही तर मोडली.” मोडली नव्हती. युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत) रुळण्याआधीच्या श्रीलिपी, शिवाजी, सीडॅकच्या डीव्हीबी-टीटी वगैरे फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या जागांवर बसवलेली असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठलेली असते ती इंग्रजी खूण. तिला मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की खालचं उघडं पडतं.

म्हणून जुन्या लॅपटॉपवर चार-पाच जुन्या मराठी फाइली उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वरच्या चौकटीत फॉन्टचं जे नाव दिसेल ते उतरवून घ्या. मंगल किंवा निर्मला असेल तर ते युनिकोड, काही करावं लागत नाही. श्री-देव, शिवाजी असलं काही दिसलं तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या नावाची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, नव्या लॅपटॉपवर तिच्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हणा. आमची फाइल तेवढ्याने ताळ्यावर आली. तरीही ज्या कागदांना पुढे कधी किंमत येऊ शकते, त्यांची पीडीएफ जुन्या लॅपटॉपवरच करून ठेवा, कारण पीडीएफमध्ये एरवी फॉन्ट सोबतच जातो. नव्यावर उघडून एकदा बघा म्हणजे झालं. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टरही मिळतात. पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घातल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका. नवं टाइपिंग मात्र जुन्या फॉन्टात करू नये. विंडोजमध्येच २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जोडायचा. बाबांना दोन दिवस लागले. “ज्ञ” सापडल्यावर त्यांनी फोन करून सांगितलं.

पासवर्डचं काम आदल्या आठवड्यातच उरका. क्रोम गुगल खात्याने सिंक होत असेल तर नव्यावर लॉगिन केल्यावर बुकमार्क आणि पासवर्ड येतात. पण सिंक खरंच चालू आहे का ते आधी बघा, बाबांचं बंद होतं. पासवर्ड फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून नेता येतात. ती फाइल साध्या अक्षरांत असते, कोणीही उघडून वाचू शकतो, म्हणून काम झाल्याबरोबर दोन्हीकडून पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. स्टिकी नोट्सवरचा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून घेतला की प्रश्न मिटला. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल हा पासवर्ड असतो, तो लक्षात राहतो. पण बँकेच्या स्टेटमेंटचा, फॉर्म १६ चा वेगळा असतो, तो लिहून ठेवा.

आउटलुकमध्ये मेल उतरवून घेणाऱ्यांनी पीएसटी फाइल शोधावी, सगळे मेल तिच्यातच साठलेले असतात. ती बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरमध्ये असते, आणि आउटलुक पूर्ण बंद करूनच कॉपी करावी.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत) गेलेत का हेही आधी पाहा. फाइलच्या शेजारी निळ्या ढगाची खूण असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाही, फक्त तिचं नाव दिसतंय. हार्ड डिस्कवर कॉपी करायला गेलात तर ती आधी इंटरनेटवरून उतरायला लागेल आणि मधेच वायफाय गेलं की अडकेल. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कायम या डिव्हाइसवर ठेवा’ हा पर्याय आदल्या रात्री द्या, सकाळपर्यंत हिरव्या खुणा येतात. वनड्राइव्ह फुकटात ५ जीबी देतं, गुगल १५ जीबी. तेव्हा सगळं ढगावर टाकू आणि तिकडून घेऊ हा बेत फोटोवाल्या घरात बसत नाही.

जांभळी नाक्याला माझ्या दिराचं दुकान आहे. त्याला मी एवढंच सांगितलं: टॅलीचं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स जुन्या मशिनवर आधी सरेंडर कर, मगच नव्यावर चालू कर. आणि डेटाचा फोल्डर म्हणजे ते आकड्यांच्या नावाचे फोल्डर, ते अख्खेच्या अख्खे ने. आत डोकावून निवडायला जाऊ नकोस. डिजिटल सहीच्या टोकनचं (पेन ड्राइव्हसारखं यूएसबीत लावतात ते) उलटं आहे. सही टोकनमध्येच असते, ती कॉपी होत नाही. नव्यावर फक्त त्या टोकनचा ड्रायव्हर घालावा लागतो. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी हे कळू नये.

नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाच नाही हे आम्हाला खोकं उघडल्यावर कळलं. जुन्याला आहे, आणि कपाटात माझ्या लग्नाच्या तीन डीव्हीडी, लेकाच्या बारशाची एक. म्हणजे जुना लॅपटॉप जायच्या आत या उतरवायलाच हव्यात. डीव्हीडी उघडली की आत व्हिडिओचा एक फोल्डर असतो, त्यात जवळपास एकेक जीबीच्या फाइली; अख्खा फोल्डर कॉपी करायचा. लग्नाच्या तिन्ही आल्या. बारशाची साठ टक्क्यांवर जाऊन घरघरायला लागली. चकती काढली, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल फिरवून पुसू नये, त्या ओरखड्यांनी जास्त बिघडतं), परत घातली. चौथ्या खेपेला आली. शेवटची एक फाइल नाहीच आली, त्यात बहुधा जेवणाच्या पंगती असाव्यात. आईने विचारलं, “पाळणा आला ना?” पाळणा आला.

सामानात एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी लागते, आहे त्या डेटाच्या दुप्पट जागेची. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस प्रकारात फॉर्मॅट केलेली असू द्या. जुने पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट३२ असतात आणि त्यांच्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, मग आत जागा कितीही रिकामी असो. केबल जुन्या लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी खाचेत लावा. बाजूची काळी बहुतेक २.० असते, तिच्यातून सेकंदाला ३० ते ४० एमबीच्या वर क्वचित जातं. म्हणजे १०० जीबीला पाऊण तास ते तासभर, तेही मोठ्या फाइली असतील तर. हजारो बारके फोटो असतील तर आणखी. नव्या लॅपटॉपला फक्त छोट्या टाइप-सी खाचा असतील तर जोडणीही (अ‍ॅडॅप्टर) आणून ठेवा, नाहीतर रविवारी दुपारी गोखले रोडवर तेवढ्यासाठी फिरावं लागतं.

कॉपीचा दिवस ठरवताना महावितरणचा मेसेज बघा. आम्ही पहिल्या शनिवारी बसलो आणि देखभालीसाठी वीज गेली. दहा मिनिटांची बॅटरी, अर्ध्यावर कॉपी. हार्ड डिस्क वाचली, पण कुठपर्यंत झालं होतं ते कळेना, म्हणून सगळं पहिल्यापासून. दोन्ही लॅपटॉप चार्जरवर ठेवा, स्लीप बंद करा, अँटिव्हायरसचं स्कॅन त्या वेळी लावू नका. कट-पेस्ट चुकूनही नको, फक्त कॉपी. आणि त्याच दिवशी आवराआवर करायला बसू नका. “आधी नको ते काढून टाकू, मग कॉपी करू” असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. घाईत पुसलेलंच नेमकं पुढच्या महिन्यात लागतं. सगळं जसंच्या तसं न्या, नव्यावर ‘जुना लॅपटॉप’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि निवडत बसायचं ते पावसाळ्यात बसा.

कॉपी करताना पाथ, म्हणजे फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता, फार लांब असल्याचा निरोप आला तर घाबरू नका. फोल्डरात फोल्डर, त्यात ‘नवीन फोल्डर’, असं करत करत विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली जाते. वरच्या दोन-तीन फोल्डरांची नावं छोटी केली की पुढे सरकतं.

मोजणी टाळू नका. जुन्यावर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये किती फाइली आणि किती बाइट ते वहीत लिहा, नव्यावर तेच बघा. बाबांचे फोटो जुन्यावर ११,४०६ आणि नव्यावर ११,३९८ आले. आठ कमी कुठले, ते शोधायला अर्धा तास गेला. एका सहलीच्या फोल्डरातल्या आठ फाइलींवर जुनी डिस्क अडखळली होती आणि मी बहुतेक ‘वगळा’ दाबलं होतं. परत दिल्यावर त्या गेल्या. मोजणीनंतर प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-तीन फाइली प्रत्यक्ष उघडून बघा, नुसत्या नावावर विश्वास नको.

अलीकडच्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असू शकते. विंडोजच्या या कुलपाची, बिटलॉकरची, ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती कागदावर उतरवून घ्या. मदरबोर्ड गेला आणि डिस्क बाहेर काढून वाचायची वेळ आली तर तिच्याशिवाय काही हाती लागत नाही.

महिना झाला, काही मागे राहिलं नाही अशी खात्री झाली, की जुन्या लॅपटॉपवरून सगळीकडून लॉग आउट व्हा, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमधून काढा, मग रिसेटमध्ये ‘सगळं काढा’ आणि त्यातही ड्राइव्ह साफ करायचा पर्याय घ्या. त्याला वेळ लागतो, लागू द्या. अगदीच मोडीत निघाला असेल तर भंगारवाल्याला नको, नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या.

आमचा अजून टेबलावरच आहे. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, तोवर नवे सेक्रेटरी कधीही जुनं इतिवृत्त मागतील, तेव्हा तोपर्यंत तो जाणार नाही, असं बाबांनी सांगितलंय. ते बरंच झालं. कारण दुसऱ्या रविवारी सगळं आवरून निघताना बाबा म्हणाले, “आईचा फोटो नाही आला यावर.” जुन्या स्क्रीनच्या पार्श्वभूमीवर असतो तो, तलावपाळीला दिवाळी पहाटेचा, आईने शाल घेतलेली. मूळ फाइल कुठेच नव्हती, बहुधा कधीतरी पुसली गेली होती. पण विंडोज वॉलपेपरची एक प्रत स्वतःजवळ ठेवतं, अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरात, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि थीम्स असं आत आत जात, ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’ नावाने, शेवटी कुठलंही एक्स्टेन्शन नसलेली. ती कॉपी केली, नावापुढे जेपीजी लावलं. उघडली. बाबांनी डाळीचा डबा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, मग परत आणून जुन्याच्या मागे लावला.